पांढरीचा पत्ता

"तुला दावलं होतं पोरी. जगाला न्हाई."

आबा एवढंच बोलले आणि खड्ड्याच्या कडेला उकिडवे बसले. खड्डे तीन होते. दोन कमरेइतके, तिसरा त्याहून खोल. तिसऱ्यात वाकून पाहिलं तर बाजूला राखेचे, भाजलेल्या मातीचे, खापरांचे थर भाकरीच्या चवडीसारखे एकावर एक दिसत होते. काठावर चिरलेली लिंबं, कुंकू, फुटलेला नारळ. अमावस्या होऊन चार दिवस झाले होते. गुप्तधनवाले येऊन गेले होते.

त्या जागेचे अक्षांश-रेखांश दीड वर्षापूर्वी इंटरनेटवर टाकले होते मी. पाच दशांशस्थळांपर्यंत. पाच दशांशस्थळं म्हणजे साधारण एक मीटर. बॅटरी आणि मोबाईल घेऊन रात्री चालत आलेल्या माणसाला याहून जास्त काय लागतं?

खणणाऱ्यांनी माझी नोंद पाहिली होती का, हे मला माहीत नाही आणि कळायची शक्यताही नाही. मराठवाड्यात गुप्तधनासाठी टेकाडं उकरणारे लोक इंटरनेटच्या आधीपासून आहेत, त्यांना माझी गरज नाही, असं मी स्वतःला बऱ्याचदा सांगितलं आहे. ते खरंही असेल. पण ते मला आबांसमोर बोलता आलं नाही.

मी येडशीची. पुण्यात एका ग्रंथालयात कॅटलॉगचं काम करते. पुस्तकाला क्रमांक द्यायचा, लेखकाचं नाव एकाच पद्धतीने लिहायचं, जुनी नोंद नव्या नोंदीला जोडायची. सुट्टीत गावी आले की स्कूटी काढायची आणि आसपासची जुनी ठिकाणं नोंदवायची, हा छंद लागून पाच-सहा वर्षं झाली. देऊळ, बारव, वीरगळ, पांढरी. आबा माझ्या मामाचे मित्र. त्यांचं गाव येडशीपासून फार लांब नाही, आणि याहून जास्त मी सांगणार नाही.

पांढरी हा शब्द ज्यांनी ऐकला नसेल त्यांच्यासाठी. आपल्याकडे गावाचे दोन भाग: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. माणसं शेकडो वर्षं एका जागी राहिली की चुलीतली राख, शेण, चुना, पडलेल्या भिंतींची माती साचत जाते, जमीन फिकट होते आणि हळूहळू उंच होते. मग दुष्काळ, रोगराई, लुटालूट, काहीतरी होतं आणि गाव उठतं. पांढरी मागे राहते. ज्वारीच्या रानात मधेच एखादं बसकं टेकाड दिसलं, पायाखाली खापरं वाजली, की समजायचं. ही माती खत म्हणून चांगली असते, म्हणून पिढ्यानपिढ्या शेतकरी ती गाड्या भरभरून रानात टाकत आले. आधी बैलगाडी होती, आता ट्रॅक्टर.

आबांनी मला त्यांच्या रानातली पांढरी दाखवली तेव्हा मी हरखून गेले होते. तांबडी चकचकीत खापरं, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, एक इवलासा अकीकाचा मणी. बांधावर लिंबाखाली शेंदूर लावलेली वीरगळ. मी फोटो काढले, जीपीएस लावला आणि तिथेच उभ्या उभ्या नोंद केली.

"काय लिवायलीस गं मोबाईलात?"

"आबा, आता ही जागा हरवणार नाही," मी म्हणाले होते. हे वाक्य मला शब्दशः आठवतं.

*

ज्या प्रकारची नोंद मी करते तिला इंग्रजीत 'लिंक्ड ओपन डेटा' म्हणतात. जोडलेली खुली माहिती म्हणा. कल्पना साधी आहे आणि ती वेबच्याच जनकाची, टिम बर्नर्स-ली यांची. २००६ साली त्यांनी तिचे नियम लिहिले. जगातल्या प्रत्येक गोष्टीला वेबवर एक कायमचा पत्ता द्या. तिच्याबद्दल जे म्हणायचं ते छोट्या, तीन शब्दांच्या वाक्यांत म्हणा: तेर – नदीकाठ – तेरणा. वाक्यातला प्रत्येक शब्द पुन्हा एक पत्ता. आणि हे सगळं कुणालाही, न विचारता, वापरू द्या. मग एका संग्रहालयातला मणी दुसऱ्या संग्रहालयातल्या मण्याशी, मणी गावाशी, गाव ग्रंथाशी जोडता येतो.

याचं महत्त्व मला तेरमुळे कळलं. येडशीहून तेर वीसेक किलोमीटर. गोरोबाकाकांचं गाव म्हणून आम्ही लहानपणापासून जातो. पण दोन हजार वर्षांपूर्वी हे गाव 'तगर' नावाने भूमध्य समुद्रापर्यंत माहीत होतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा अनाम ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये त्याचा उल्लेख आहे: भरुचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला सुमारे दहा दिवसांवर तगर. तिथून गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून, साधं कापड आणि मलमल भरुचला जाते. आपल्या रानातून गेलेल्या बैलगाड्यांबद्दल कुणीतरी ग्रीकमध्ये लिहून ठेवलंय, हे वाचून मला तरी अंगावर काटा आला होता.

तेरला हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती सापडली. तशीच जालना जिल्ह्यात भोकरदनला सापडली. आणि त्यांची मोठी बहीण म्हणावी अशी तिसरी १९३८ साली इटलीत, पॉम्पेईच्या राखेखालून निघाली. व्हेसुव्हिअस फुटला इसवी सन ७९ मध्ये, म्हणजे मूर्ती त्याआधी तिथे पोचलेली. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिघी तीन कपाटांत, तीन भाषांतल्या नोंदींत. ज्याला तिन्ही माहीत आहेत तोच मनात जोडणार. जोडलेल्या माहितीत हे नातं एकदा लिहिलं की दहावीतल्या मुलीलाही फोनवर बोट फिरवून तेरहून पॉम्पेईला जाता येतं. आमच्या भागाबद्दलचं बरंचसं लेखन जुन्या इंग्रजी नियतकालिकांत आणि सरकारी अहवालांत पडून आहे. ते उघडं करणं हे मला पुण्यकर्मच वाटत होतं. अजूनही बऱ्याच अंशी वाटतं.

तेरच्या संग्रहालयात गेलात तर ते ज्यांच्या नावाने आहे त्या रामलिंगप्पा लामतुरे यांच्याबद्दल जरूर विचारा. गावातल्या पांढरीतून पावसाने उघड्या पडणाऱ्या हजारो वस्तू या माणसाने आयुष्यभर जमवल्या. शास्त्रीय उत्खननं नंतरची, बा. ना. चापेकरांचं १९५८चं. लामतुऱ्यांकडे पत्ते नव्हते, दशांशस्थळं नव्हती. कुठली वस्तू कुठल्या थरातली, हे त्यामुळे बऱ्याचदा सांगता येत नाही, आणि अभ्यासक त्याबद्दल हळहळतात. पण वस्तू गावात राहिल्या.

*

या क्षेत्रातल्या लोकांनी एक गोष्ट फार विचार करून ठरवली आहे आणि ती मला आवडते. 'प्लेइअडीज' नावाचा प्राचीन स्थळांचा एक खुला कोश आहे. ग्रीक-रोमन जगाच्या 'बॅरिंग्टन ॲटलास' या २०००च्या नकाशासंग्रहातून तो उभा राहिला. तगर त्यात आहे. या कोशात 'स्थळ' वेगळं, त्याचं 'नाव' वेगळं आणि त्याचं 'स्थान' वेगळं. एका स्थळाला अनेक नावं असू शकतात, अनेक स्थानं असू शकतात. एखाद्या स्थळाचं स्थान कुणालाच माहीत नसेल, तरी ते स्थळ असतंच. स्थानाचा रकाना रिकामा.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा शब्दांचा खेळ वाटला. पण आमच्या जिल्ह्यात राहणाऱ्याला हे दुसऱ्या कुणी समजवायची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेचा भूकंप. त्यानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली बावन्न गावं उचलून दुसरीकडे वसवली. नाव तेच, माणसं (जी उरली ती) तीच, देवही सोबत नेला. जागा वेगळी. मग किल्लारी कुठे आहे? जिथे आता बसस्टँड आहे तिथे, की जिथे बाभळी माजल्यात आणि पडक्या दगडी भिंती आहेत तिथे? म्हाताऱ्या बायका अजून 'आमच्या गावात' म्हणतात तेव्हा बोट कुणीकडे करतात ते पाहा. आपल्या डोळ्यांदेखत बावन्न नव्या पांढऱ्या तयार झाल्या.

आणि नाव. माझ्या दहावीच्या सर्टिफिकेटवर जिल्हा उस्मानाबाद आहे. धाकट्या भावाच्या नव्या कागदांवर धाराशिव. २०२३ साली अधिकृत बदल झाला. खुल्या कोशांत नाव बदललं, क्रमांक तोच राहिला. त्या क्रमांकाला दोन्ही नावं चिकटलेली आहेत, तारखांसकट, आणि तो कुणाच्याही बाजूचा नाही. मला हा कोरडेपणा सुखाचा वाटतो. लग्नाआधीचं आणि नंतरचं अशी दोन आडनावं असलेल्या बायकांच्या पुस्तकांना एकाच नोंदीखाली आणताना वाटतो तसा.

*

अडचण सुरू होते ती 'हेच ते' म्हणताना.

जोडलेल्या माहितीतला सगळ्यात जड शब्द हाच आहे. 'सेम ॲज'. हे आणि ते एकच. आपल्या दर्शनांत यावर शतकानुशतकं वाद आहेत. तो काशीत पाहिलेला देवदत्त आणि हा इथे समोर उभा असलेला देवदत्त एकच, हे आपण कशाच्या बळावर म्हणतो? वेदान्ती म्हणतात, 'तिथला-तेव्हाचा' आणि 'इथला-आत्ताचा' हे सोडून द्या, उरतो तो एकच. बौद्ध म्हणतात, रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? तीच नाही, आणि वेगळीही म्हणता येत नाही.

तगर म्हणजे तेर, हे आज आपण सहज बोलतो. पण ते ठरलं १९०१ साली, जे. एफ. फ्लीट यांच्या लेखाने. त्याआधी विल्फर्ड यांना तगर म्हणजे देवगिरी वाटत होतं, पंडित भगवानलाल इंद्रजींना जुन्नर, रा. गो. भांडारकरांना धारूर. शिलाहार राजे स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवत, म्हणून जो तो आपापल्या परीने ते नगर शोधत होता. सगळे मोठे अभ्यासक. कल्पना करा, १८८० साली ही खुली माहिती असती आणि कुणी 'तगर = जुन्नर' अशी ओळ टाकली असती. ती दहा ठिकाणी कॉपी झाली असती, आणि आजही तुमच्या फोनमधल्या कुठल्यातरी ॲपने तुम्हाला तगर दाखवायला शिवनेरीच्या पायथ्याशी नेलं असतं. पुस्तकातली चूक पुस्तकात राहते. जोडलेल्या माहितीतली चूक चालायला लागते.

यावर उपाय आहे आणि तो चांगला आहे: विधान कुणाचं, केव्हाचं, किती खात्रीचं, हे विधानासोबतच लिहायचं. 'तगर म्हणजे तेर, असं फ्लीट, १९०१.' मी आता तसंच लिहिते. पण वाचणारा तेवढं वाचतो का?

तेरचं त्रिविक्रम मंदिर घ्या. विटांचं, मागून अर्धगोल, वर हत्तीच्या पाठीसारखं छत. अशा घडणीची इतकी जुनी, उभी वास्तू देशात मोजकीच. हेन्री कझिन्स यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते पाहिलं आणि म्हटलं की हे मुळात बौद्ध चैत्यगृह असावं. काहींच्या मते ते पहिल्यापासून वैदिक परंपरेचंच. किंवा धाराशिव शहराजवळची लेणी घ्या. ती जैन आहेत, असं एक मत. मुळात बौद्ध, नंतर जैन, असं दुसरं. 'करकंडचरिउ' या अपभ्रंश काव्यात तेरापूरच्या डोंगरातल्या गुहांची कथा येते, तीही इथलीच मानतात. अभ्यासकाला यात गंमत आहे. एकाच दगडावर तीन श्रद्धांचे हात फिरले, यात खरं तर सगळ्यांनाच गंमत वाटायला हवी.

पण आपण कुठल्या काळात राहतो ते तुम्हाला माहीत आहे. 'मुळात' हा शब्द आता अभ्यासाचा राहिलेला नाही. मी तीन शब्दांची ओळ लिहिते, 'त्रिविक्रम – पूर्वी – चैत्यगृह', आणि कुणीतरी तिचा स्क्रीनशॉट घेऊन, तिच्यातलं 'कझिन्स यांच्या मते' खोडून, ती एखाद्या ग्रुपवर टाकतो. १९९१च्या प्रार्थनास्थळ कायद्याने १५ ऑगस्ट १९४७चं स्वरूप कायम ठेवायला सांगितलंय, पण ग्रुपवर कायदा चालत नाही. मग मी ती ओळ लिहू नये का? खूप विचार करून मी ती लिहिली, पण दोन्ही मतं दोन स्वतंत्र ओळींत, नाव-वर्षासकट. 'मुळात' हा शब्द मी कुठेच वापरत नाही. 'आधी' आणि 'नंतर' वापरते. मडकं थापटून कच्चं की पक्कं ते सांगणाऱ्या गोरोबांच्या गावाबद्दल लिहिताना एवढी तरी काळजी घ्यावी.

इथपर्यंत मी स्वतःवर खूष होते, हे कबूल करायला हवं. सत्याशी प्रामाणिक राहायचं एवढीच माझी नीती होती. विधान खरं आहे का? आधार आहे का? मग टाका. ते कुणाचं आहे, हा प्रश्न मी विचारलाच नव्हता.

*

येडशीला रामलिंगाच्या घाटात अभयारण्य आहे. खाली दरीत महादेवाचं देऊळ, पावसाळ्यात धबधबा; सीतेसाठी रावणाशी लढून जटायू इथेच पडला, असं आम्ही मानतो. २०२४च्या डिसेंबरात या जंगलात वाघ दिसला. आमच्याकडे वाघ! तो यवतमाळच्या टिपेश्वरमधून शेकडो किलोमीटर चालत आला होता. अंगावरच्या पट्ट्यांवरून त्याची ओळख पटली. (पट्टे म्हणजे निसर्गाने दिलेला कायमचा क्रमांक. मला त्याचा भलताच आनंद झाला होता.) मग आमच्या व्हॉट्सॲपवर रोज वाघाचं नवं लोकेशन. माझी आत्याच एकदा ओरडली, "अरे, कशाला सांगायलाव त्या बिचाऱ्याचा पत्ता? कुणी मारंल की त्याला!"

आत्याला जे सुचलं ते निसर्गनोंदींच्या जगाने केव्हाच नियम म्हणून स्वीकारलं आहे. 'आयनॅचरलिस्ट'वर तुम्ही दुर्मीळ, धोक्यातल्या प्राण्याची नोंद केली तर नेमकी जागा आपोआप झाकली जाते. नकाशावर ठिपका वीसेक किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी पडतो. पुरातत्त्वातही असं झालं आहे. सारा पारकॅक या अभ्यासिकेने २०१७ साली पेरूच्या उपग्रहचित्रांत लुटीच्या खुणा शोधायला जगभरच्या सामान्य लोकांना बोलावलं, तेव्हा त्यांना जमिनीचे छोटे तुकडे दाखवले, पण ते कुठले हे सांगितलं नाही. मदत घेतली आणि पत्ता दिला नाही.

मग सोपं झालं ना? दोन दशांशस्थळं ठेवा, म्हणजे किलोमीटरभराचा घोळ. चोर शोधत बसेल.

इतकं सोपं नाही. आमच्या भागातल्या पांढऱ्या चोरांनी किती संपवल्या आणि जेसीबीने किती? मी लहान असताना पाहिलेली दोन टेकाडं आज नाहीत. एकाची माती रानात गेली, दुसऱ्यावर प्लॉट पडले. रस्ता रुंद करताना मुरूम लागतो, ठेकेदाराला टेकाड म्हणजे मुरूम. नकाशात ते 'काही नाही' असतं, म्हणून ते जातं. जी जागा कुठेच नेमकी लिहिलेली नाही तिच्यासाठी कुणाकडे अर्जसुद्धा करता येत नाही. कुठल्या गटात, कुठल्या बांधावर, हे पहिलं विचारतात. म्हणजे पत्ता झाकला तर चोराला अडथळा, पण अडवू शकणाऱ्यालाही अडथळा. वाघ निदान उठून दुसरीकडे जाऊ शकतो.

मी बराच काळ या तराजूत अडकले होते: उघडल्याने किती जातं, झाकल्याने किती जातं. आकडे कुणाकडेच नाहीत. आबांच्या त्या एका वाक्याने तराजूच बाजूला सारला. त्यांची तक्रार खड्ड्यांबद्दल कमी होती. त्यांनी मला दाखवलं होतं: मामाची भाची म्हणून, चहा पिऊन, बांधावर बसून. त्या दाखवण्यात एक अट होती, जी बोलायची गरज नव्हती. मी ते घेतलं आणि 'कुणीही, कशासाठीही, न विचारता वापरा' असं लिहून जगाला देऊन टाकलं. खुल्या परवान्याचा अर्थच तो. पण परवाना देण्याआधी वस्तू आपली असावी लागते ना?

कायद्याने पाहिलं तर ती माहिती आबांची नाही. अक्षांश-रेखांशावर कुणाची मालकी नसते. १८७८च्या निखात निधीच्या कायद्यानुसार जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर ते कलेक्टरला कळवायचं असतं. आबा त्या खड्ड्यांबद्दल पोलिसांत का गेले नाहीत, हे मी विचारलं होतं. "गेलो तर मलाच इचारतील, काय निघालं म्हणून." आणि दुसरी भीती त्याहून मोठी: "सरकारी नोंद झाली की रान गेलं." केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी असते. नुसत्या नोंदीने तसं काही होत नाही, हे मी त्यांना दोनदा समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं. सातबाऱ्यावरच्या 'इतर हक्क' या रकान्यात काय काय येऊन बसतं, हे माझ्यापेक्षा त्यांना जास्त माहीत आहे.

मोठ्या जगात यावर शब्द तयार झालेत. २०१६ साली वैज्ञानिक माहितीसाठी 'फेअर' तत्त्वं आली: माहिती शोधता यावी, मिळावी, जुळावी, पुन्हा वापरता यावी. चारही गोष्टी माहितीबद्दल. २०१९ साली आदिवासी समाजांच्या अभ्यासकांनी त्याला 'केअर'ची जोड दिली: ज्यांची माहिती त्यांचा फायदा, त्यांचा अधिकार, आपली जबाबदारी, नीती. हे वाचून मला बरं वाटलं आणि लगेच अवघडायलाही झालं. कारण 'ज्यांची' म्हणजे कुणाची? आबांची, कारण सातबारा त्यांच्या नावावर? गावाची? गावात वीरगळीला नारळ फोडणारे कोण आणि देवळात पाऊल ठेवायला ज्यांच्या आज्यांना बंदी होती ते कोण, हे मला माहीत आहे. की ज्यांच्या चुलीची ती राख आहे त्यांची? ते तर मागे कुणाला सांगून गेले नाहीत. आज गावाने एकमताने 'नका लिहू' म्हटलं, आणि शंभर वर्षांनी त्याच गावच्या मुलीला वाटलं की लिहून ठेवलं असतं तर? त्या मुलीचाही काही हक्क असेलच. मी स्वतः अशाच मुलींपैकी एक. परक्या माणसांनी आम्हाला न विचारता लिहून ठेवलं, म्हणून मला तेर माहीत आहे. फ्लीट आणि कझिन्स यांनी कुणाच्या बांधावर बसून परवानगी घेतली असेल असं वाटत नाही.

म्हणून 'विचारूनच लिहावं' असा नियम करायला मी अजून तयार नाही. पण 'विचारल्याशिवाय पत्ता देऊ नये' एवढं मला आता मान्य आहे. आणि विचारताना खरं सांगावं: एकदा टाकलं की परत घेता येत नाही.

कारण मी परत घ्यायला गेले होते. त्याच रात्री येडशीला घरी येऊन आकडे पुसले. नोंदीतून गेले. पण अशा ठिकाणी जुनी आवृत्ती इतिहासाच्या पानावर तशीच राहते. कुणी काय बदललं ते सगळ्यांना दिसावं, हा प्रामाणिकपणाचा भाग. मी स्वतःच कितीदा या गोष्टीचं कौतुक केलं आहे. आता त्या पानावर माझं पुसणं दिसतं, आणि मी नेमकं काय पुसलं तेही दिसतं. ते झाकायची विनंती करता येते, मी केली आहे. दीड वर्षात ज्यांनी प्रत उतरवून घेतली असेल त्यांच्याकडे मात्र ते आहेच.

*

गेल्या महिन्यात पुन्हा गेले. खड्डे आबांनी बुजवले होते. वरच्या मातीचा रंग आजूबाजूला जुळत नव्हता, दुरूनही कळत होतं. खालच्या थराची माती वर आली होती. ते आता तसंच राहणार. थर एकदा मिसळले की कुठल्याच पद्धतीने वेगळे होत नाहीत.

चहा झाला. मी घाबरतच विचारलं, की मी लिहिलेलं सगळं तुम्हाला वाचून दाखवू का? नको असेल ते काढते, जेवढं निघेल तेवढं. त्यांनी मान हलवली. मी वाचत गेले. प्राचीन वसाहतीचं टेकाड. सातवाहनकालीन खापरं, बहुधा. वीरगळ, तीन पट्ट्यांची, बहुधा बारावं शतक.

"ह्ये काय, वीरगळ?"

"तो दगड, आबा. लिंबाखालचा."

"त्यो म्हसोबा हाय."

"हो, पण तो मुळात..." मी थांबले. दुसऱ्यांच्या देवळांबाबत जो शब्द टाळायचा म्हणून मी मिरवत होते, तो आबांच्या बांधावर तोंडातून सहज आला होता. "तुम्ही म्हसोबा म्हणता ना? नावाच्या रकान्यात तेच घालते."

"नुसता म्हसोबा नगं. म्हसोबा गावोगाव हायेत. पांढरीचा म्हसोबा घाल."

घातलं. खाली 'वीरगळ' हेही राहू दिलं, प्रकार म्हणून. त्याला त्यांची हरकत नव्हती. विधान कुणाचं, या रकान्यात काय लिहू विचारलं, तर म्हणाले माझं नाव नको, 'गावातले म्हणतात' असं लिही. मग स्थानाचा रकाना आला. मी फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांना चष्म्याशिवाय दिसत नव्हतं.

"हितं काय हाय?"

"काही नाही. रिकामं आहे."

"ऱ्हाऊ दे तसंच," ते म्हणाले, आणि उठून बैलांना पाणी दाखवायला गेले.